दोघांसाठी हलका आणि आतून ओला न होणारा तंबू कसा निवडावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघं जण, सामान पाठीवर, सध्याच्या तंबूत सकाळी आतून पाणी ठिबकतं, आणि म्हणून ‘ब्रीदेबल’, म्हणजे वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या कापडाचा हलका तंबू घ्यावा का. शिवाय दोघांना तीन माणसांचा तंबू लागेल का, हेही विचारलंय. एकाची उंची सहा फूट आहे.

कापडाच्या नावावर जास्तीचे पैसे मोजू नका. पाऊस अडवणारं बाहेरचं कापड, म्हणजे फ्लाय, त्याला सिलिकॉनचा नाहीतर पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लॅस्टिक) लेप असतो. त्यातून पाणी आत येत नाही, तशी वाफही बाहेर जात नाही. रेन जॅकेटला वापरतात तसं वाफ जाऊ देणारं कापड काही तंबूंना लावतात खरं, पण जॅकेट अंगाला लागून असतं, अंगाची ऊब वाफेला बाहेर ढकलते. तंबूत आतल्या आणि बाहेरच्या हवेत तेवढा फरकच नसतो. कोरड्या, कडाक्याच्या थंडीत असं कापड बरं काम करतं; दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही.

तंबूत हवा खेळते ती वाटा असल्या तरच. दोन माणसं झोपेत श्वास आणि घाम मिळून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. ते जायला जागा नसली की फ्लायच्या आतल्या बाजूला जमतं. त्यात आभाळ निरभ्र असलं की फ्लाय आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडतं आणि दव दोन्ही बाजूंनी धरतं. म्हणजे उत्तम तंबूसुद्धा एखाद्या रात्री ओला होणारच. प्रश्न एवढाच, की ते पाणी फ्लायवरच राहतं की तुमच्या स्लीपिंग बॅगवर येतं.

म्हणून दुहेरी तंबू घ्या: आत जाळीचा, वर वेगळं फ्लाय. एकेरी तंबू वजनाला फार मोहात पाडतात, पण तुमची तक्रारच ओलीची आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. तंबू लावून दाखवायला सांगा आणि खाली बसून बघा. फ्लायची कड जमिनीपासून निदान चार बोटं वर आहे का? वरच्या बाजूला झरोका आहे का, आणि तो उघडा ठेवायला आतून छोटी ताठ पट्टी आहे का? पट्टी नसली तर झरोका पहिल्याच ओल्या रात्री मिटतो. खालून गार हवा आत आणि वरून दमट हवा बाहेर, एवढंच यंत्र आहे. दोन बाजूंना दोन दारं असली तर उत्तमच. पाऊस नसेल तेव्हा दोन्हीकडची फ्लाय गुंडाळून ठेवता येते, आणि रात्री उठणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागत नाही.

मग आत आडवे व्हा, पण मॅट घालून. हे बहुतेक जण विसरतात. फुगवायची मॅट सात-आठ सेंटिमीटर जाड असते, तेवढे तुम्ही उचलले जाता, आणि उताराच्या भिंतीशी डोकं आणि पाय तेवढेच जवळ जातात. सहा फुटांच्या माणसाने बॅगेत शिरून पाय ताणून बघावेत. बॅगेचं टोक आतल्या कापडाला टेकलं, ते कापड फ्लायला टेकलं, की सकाळी पायाकडचा भाग ओला. बॅग पिसांची असेल तर तिथे गोळे होतात आणि ऊबही जाते. आतली लांबी 220 ते 230 सेंटिमीटर असावी. दोन्ही टोकांच्या भिंती उभ्या असतील तर थोडी कमी चालेल.

आतला भाग पूर्ण जाळीचा की अर्धा कापडाचा? पूर्ण जाळी हलकी आणि हवेशीर, पण वाऱ्याने फ्लाय हललं की थेंब जाळीतून तुषारासारखे अंगावर येतात आणि गार वाराही सरळ आत घुसतो. एकच तंबू सगळ्या ऋतूंत वापरायचा असेल तर खाली कापड आणि वर जाळी असलेला घ्या, असं माझं मत.

फ्लाय नायलॉनचं की पॉलिस्टरचं, याचाही ओलीशी संबंध आहे. नायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं. रात्री भिजलं की मध्ये झोळ येऊन आतल्या कापडाला चिकटतं. पॉलिस्टर फारसं सैलावत नाही. नायलॉन असलं तर झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणायच्या, एवढंच. कापडाचा धागा किती बारीक, ते डेनिअरमध्ये सांगतात: डेनिअर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 15 ते 20 डेनिअरचं फ्लाय जपून वापरलं तर पुरतं. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडावर शिवणीची नेहमीची टेप चिकटत नाही, तेव्हा शिवणी सील करून मिळतात की आपण करायच्या, ते विचारून घ्या.

वजनाचे दोन आकडे छापलेले असतात. लहान आकड्यात बहुधा खुंट्या, दोऱ्या, पिशव्या धरलेल्या नसतात. मोठा आकडा बघा. दोघांच्या दुहेरी तंबूला दीड किलोच्या आसपास वजन चांगलं. किलोच्या खाली गेलात तर जागा, टिकाऊपणा किंवा हवा, यातलं काहीतरी गेलेलं असतं.

जागेची निवडही तंबूइतकीच महत्त्वाची. ओढ्याकाठची खोलगट हिरवळ दिसायला छान, पण गार दमट हवा रात्री तिथेच साचते. थोडं वर, झाडाच्या आडोशाला लावा. फांद्यांखाली दव कमी पडतं. वाळलेल्या फांद्या मात्र डोक्यावर नकोत. ओले कपडे आत वाळत घालू नका, आणि स्टोव्ह तर आत पेटवूच नका. वाफ होते ती वेगळीच, आग आणि कार्बन मोनॉक्साइडमुळे जीव जाऊ शकतो.

तीन माणसांच्या तंबूचं म्हणाल, तर नेहमीची मॅट पन्नासेक सेंटिमीटर रुंद असते. दोघांच्या तंबूची रुंदी 130 असेल आणि ती पायाकडे फार निमुळती होत नसेल, तर तोच घ्या. 120 च्या आत असेल तर दोघंही रात्रभर भिंतींना लागून झोपाल आणि फ्लाय कितीही चांगलं असलं तरी खांदे ओले होतील. मग तिसऱ्याच्या जागेचं वजन वाटून उचललेलं परवडतं: काठ्या आणि खुंट्या एकाकडे, कापड दुसऱ्याकडे.