गोळीने मेंदूचं रक्त आटतं का?

प्रश्न : वय ४७. घाबरेपणासाठी सहा महिने रोज रात्री क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम घेत होते. जाऊबाई म्हणाल्या, या गोळ्यांनी मेंदूचा रक्तपुरवठा कमी होऊन अर्धांगवायू होतो. भीतीने चार दिवसांपूर्वी गोळी बंद केली. आता झोप नाही, हात थरथरतात, चक्कर येते. रक्त कमी पडतंय का?

उत्तर : ताई, जाऊबाईंचं अर्धं खरं आहे, आणि घोळ त्या अर्ध्यामुळेच झालाय. ही गोळी मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते. पेशींचं काम मंदावतं, त्यांना प्राणवायू आणि साखर कमी लागते, म्हणून रक्तही थोडं कमी येतं. गरजच घटली, म्हणून पुरवठा घटला. अर्धांगवायूत गरज तेवढीच असते, पण गुठळीने रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. मेंदूच्या १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त मिळतं. ते २०च्या खाली गेलं की पेशी अडचणीत येतात. तुमच्या डोसने तसं होत नाही.

उलट घाबरून धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं, ओठांना मुंग्या येतात. हे कुणी सांगत नाही!

सध्याचा त्रास बहुधा गोळी एकदम तोडल्याचा आहे. क्लोनाझेपामचा अर्धा अंश शरीरातून जायला ३० ते ४० तास लागतात, म्हणून त्रास दोन-चार दिवसांनी डोकं वर काढतो. आजच डॉक्टरांना फोन करा. शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. चुकलेल्या गोळ्या एकदम भरून काढू नका. फिट आली, भ्रम झाला, तोंड वाकडं झालं किंवा एका हाताची ताकद गेली, तर थेट हॉस्पिटल गाठा.

गोळी सोडायचीच असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीत टप्प्याटप्प्याने. ०.२५ची अर्धी गोळी म्हणजे ०.१२५, तुमच्या डोसचा चौथा भाग. दोन आठवड्यांत याहून मोठी कपात नको. बरेचदा याहूनही हळू जावं लागतं.

या गोळीचे खरे धोके वेगळे आहेत: सवय लागणं, तोल जाऊन पडणं, आणि दारू किंवा ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकांसोबत श्वास मंदावणं. अर्धांगवायूची धास्ती असेल, तर बीपी आणि साखर तपासून घ्या.