रेड लाइट थेरपी: डोस ठरवताना आधी एवढंच बघा

त्वचेवर लाल प्रकाश टाकणारं एलईडी पॅनेल घेतलंत, छान केलंत. पण ‘रोज किती मिनिटं?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. नुसत्या मिनिटांना अर्थ नसतो. त्वचेवर किती तीव्रतेचा प्रकाश पडतोय ते आधी कळायला हवं.

हिशेब अगदी सोपा. दर चौरस सेंटीमीटरला किती मिलिवॅट, गुणिले सेकंद, भागिले १०००. उत्तर दर चौरस सेंटीमीटरला ज्यूलमध्ये येतं, तोच डोस. म्हणजे ३० मिलिवॅट असतील तर २०० सेकंदांत ६ ज्यूल. साडेतीन मिनिटांच्या आत काम झालं! चेहऱ्यासाठी ३ ते ६ ज्यूल, आठवड्यातून तीन-चारदा, इथून सुरुवात करा.

नवीन माणसं हमखास चुकतात ते इथे:

- कंपनीने दिलेला तीव्रतेचा आकडा तसाच धरतात. तो बहुतेकदा पॅनेलला अगदी खेटून मोजलेला असतो. स्वस्तातले सोलर मीटरही (उन्हाची तीव्रता मोजणारे) एलईडीचा आकडा फुगवून दाखवतात.
- अंतर रोज बदलतं. मागे सरकलात की डोस घटतो. टेपने मोजून जमिनीवर खूण करा.
- फरक दिसेना म्हणून वेळ दुप्पट करतात. हे मात्र टाळाच. ठरावीक मर्यादेपुढे फायदा वाढत नाही, उलट कमी होतो.

डोळ्यांवर गॉगल हवाच. प्रकाशाने त्वचा संवेदनशील करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

पल्सिंग (प्रकाश झपाट्याने चालू-बंद करणं), वेगवेगळ्या तरंगलांबी यांत आत्ताच शिरू नका. एकच डोस काही आठवडे नेमाने घ्या, तारीख आणि सेकंद वहीत लिहा, मगच बदल करा.