रोजा सोडायचा की तोडायचा?

मीरा रोडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या सोसायटीत यंदा सगळ्यांनी मिळून इफ्तारचा कार्यक्रम ठरवलाय, मराठी नोटीस लिहायचं काम यांच्या गळ्यात पडलं, यांनी लिहिलं 'संध्याकाळी सगळे मिळून रोजा सोडू या'. तर कमिटीतले एक काका म्हणाले सोडू काय, तोडू लिहा, टीव्हीवर तेच म्हणतात. आणि वरच्या मजल्यावरच्या उर्दू बोलणाऱ्या बाई म्हणाल्या की सोडू तर मुळीच नको, फार वाईट अर्थ होतो, 'खोलू' लिहा. आता नक्की काय लिहायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय तेच बरोबर आहे. सोडू. एक अक्षर बदलू नका.

काकांचं आधी बघू, कारण हा 'तोडला' ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. रमजान लागला की संध्याकाळच्या बातम्यांत सुरू होतं, मोहम्मद अली रोडवर इतक्या लोकांनी रोजा तोडला, अमक्या नेत्यांनी मुस्लिम बांधवांसोबत रोजा तोडला. अहो, तोडतो तो दुपारी दोन वाजता कुणी बघत नाही असं पाहून नळाला तोंड लावणारा! उर्दूत रोजा तोडना म्हणजे वेळ व्हायच्या आत जाणूनबुजून मोडणं, आणि मग त्या रोज्याची कजा करावी लागते, म्हणजे नंतर त्याच्या बदल्यात दुसरा दिवस धरावा लागतो. पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाला तुम्ही बातमीत सरळ दोषी ठरवताय. आणि हा फरक कळायला उर्दू यायची गरजच नाही, मराठीत तो आहेच की. माझ्या आजीच्या तोंडात एकादशीला चुकून भाताचं शीत गेलं की ती हळहळायची, 'मोडली गं माझी एकादशी', आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीला अंघोळपूजा करून पानावर बसली की 'एकादशी सोडली'. मोडणं वेगळं, सोडणं वेगळं. हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला कळत होतं.

आता वरच्या मजल्यावरच्या बाई. त्या चुकत नाहीयेत, त्यांच्या भाषेत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. उर्दूत रोजा छोडना म्हणजे रोजा धरलाच नाही, टाकला, चुकवला. त्यामुळे 'सोडू या' वाचून त्यांना वाटलं असणार की सोसायटी सगळ्यांना रोजे टाकून द्या म्हणतेय. गंमत अशी की सोडणे आणि छोडना हे एकच शब्द आहेत, सख्खे भाऊ. हिंदीत जिथे छ तिथे मराठीत स, ही जुनी वाट आहे: छुरी-सुरी, छह-सहा, छाल-साल, पूछना-पुसणे, तसंच छोडना-सोडणे. भाऊ एकाच घरचे पण वाढले वेगवेगळ्या गावी. हिंदीतला भाऊ टाकून देण्याकडे झुकला, मराठीतल्याने मोकळं करण्याचा अर्थ घट्ट धरून ठेवला. आपण गाईचं दावं सोडतो, केस सोडतो, गाठ सोडतो. टाकून देणं आपल्याकडेही आहे, दारू सोडली, नोकरी सोडली, पण ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. 'शाळा सुटली' आणि 'शाळा सोडली' यात मराठी पोराला कधी घोटाळा वाटलाय का? आणि हिंदीत गाठ काय करतात, तर खोलतात. म्हणजे त्या बाईंचं खोलना आणि तुमचं सोडणं हे अगदी एकच काम आहे, वेळ झाली, गाठ मोकळी केली. फक्त मराठी नोटिशीत 'खोलू' लिहू नका, आपल्याकडे खोल असते ती विहीर.

उर्दूतलं ते खोलना कुठून आलं असेल तर माझं ठाम मत आहे की ते फारसीतून. लहान मुलाच्या पहिल्या रोज्याला घरात समारंभ करतात, पोराला नवे कपडे, हार, नातेवाईक जमतात, त्याला रोजा कुशाई म्हणतात, आणि फारसीत कुशादन म्हणजे उघडणे. कुशाईचं खोलना झालं. आपल्याला मात्र कुणाकडून उसनं आणायची गरज पडली नाही, कारण आपल्याकडे आधीपासून जोडी तयार होती: धरणे आणि सोडणे. उपवास धरला, उपवास सोडला. म्हणून 'रोजा ठेवला' हेही मला खटकतं, सगळे म्हणतात, पण ते रोजा रखनाचं शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर आहे. ठेवतात फडताळात. रोजा धरतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. लहानपणी आम्ही कुर्ल्याला चाळीत राहायचो, शेजारी दापोलीकडच्या चाची, घरात सगळे मराठीच बोलायचे. त्यांच्या नातवाचा पहिला रोजा होता, सात-आठ वर्षांचा पोरगा, अजानला पाच-दहा मिनिटं असताना पुढ्यात ताट, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी, गुलाबी सरबताचा पेला, आणि याच्या हातात एक खजूर. डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. चाची म्हणत होत्या, 'धर, धर अजून, आता थोडंच राह्यलं', आणि मशिदीतून अल्लाहु अकबर ऐकू आलं तशा म्हणाल्या, 'आता सोड'. त्याने मूठ उघडली तर खजूर तळहाताला चिकटून बसलेला, इतका वेळ दाबून धरला होता. तो त्याने दातांनीच ओढून घेतला. धरणे आणि सोडणे म्हणजे काय हे मला त्या दिवशी दिसलं, त्यानंतर कुणी कितीही कोश पुढे केले तरी माझ्या डोक्यातून ती मूठ जात नाही.

आता खरा मुद्दा. ताईंनी विचारला नाहीये पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोजा हा शब्द.

एक समजूत सगळीकडे फिरते, की तीस दिवस रोज करायचा म्हणून रोजा. अर्धवट आहे. शब्द तोच आहे पण फारसीत रोज म्हणजे दररोज नाही, रोज म्हणजे दिवस. नवरोज म्हणजे नवा दिवस. त्याला शेवटी आ जोडून रोजा, दिवसभराचा. असा आ फारसीत सारखा लागतो आणि आपण तो बिनदिक्कत वापरतो: पंज म्हणजे पाच, त्यावरून पंजा, हफ्त म्हणजे सात, त्यावरून हफ्ता, चश्म म्हणजे डोळा, त्यावरून चश्मा, दस्त म्हणजे हात, त्यावरून दस्ता. तसाच रोजवरून रोजा. मी कोर्टात क्लार्क होतो, उभी हयात रोजनामे लिहिण्यात गेली, आज पक्षकार हजर, वकील गैरहजर, पुढची तारीख. त्या रोजनाम्यातला रोज आणि चाचींच्या रोज्यातला रोज एकच. रोजनिशी, रोजकीर्द, रोजमेळ, रोजंदारी, रोजगार सगळे याच घरातले.

पण हा रोज आला कुठून? जुन्या पारसीकांच्या भाषेत तो 'रौचह्' असा होता. इराणात बिसुतूनच्या कड्यावर दारयवहु राजाने, म्हणजे इंग्रजी पुस्तकांतल्या डरायसने, इ. स. पू. ५२० च्या सुमाराला लेख कोरून घेतला, त्यात अमक्या महिन्याचे १४ दिवस गेले तेव्हा असं झालं अशा तारखा दिल्यात, आणि तिथे दिवस या अर्थी हाच शब्द आहे. मूळ अर्थ उजेड. आणि उजेडाचा हाच धातू संस्कृतात आहे, रुच्, प्रकाशणे. आपल्या चचा तिकडे ज होतो, वाच् म्हणजे बोलणे तिकडे आवाज झाला, तसाच रोच तिकडे रोज झाला. आता रुच् वरून आपल्याकडे काय काय आलं बघा. रुक्म म्हणजे झळाळणारं, सोनं, त्यावरून रुक्मिणी, आणि रुक्मिणीची झाली रखुमाई. म्हणजे रोजा आणि पंढरपूरची रखुमाई एकाच धातूच्या लेकी! मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा रात्री अकरा वाजता बायकोला उठवून सांगितलं होतं. रमजानात मिनारा मशिदीपाशी जी रोषणाई असते ना, ती रोषणाईसुद्धा त्याच धातूची, फारसी रोशनवरून. आणि आपण 'लाइट गेली' म्हणतो तो इंग्रजांकडून आलेला लाइटही दूरचा पण त्याच कुळातला.

आणि सगळ्यात आवडतं मी शेवटी ठेवलंय. जे झळकतं ते डोळ्यात भरतं, जे डोळ्यात भरतं ते आवडतं, अशा वाटेने रुच् चा अर्थ आवडणे झाला, मला हे रुचत नाही म्हणतो तो, आणि तिथून रुची, म्हणजे चव. रोजा आणि रुची एकाच मुळाचे! तोंडात घास न घालण्याचं व्रत आणि तोंडातली चव. चाची दुपारी चारनंतर स्वयंपाकाला लागायच्या आणि रोजा असल्यामुळे त्यांना चाखून बघता यायचं नाही, घरातल्या मोठ्यांनाही नाही, मग गॅलरीतून मला हाक यायची, 'ये रे, मीठ बघून जा'. पळीतून तळहातावर गरम कालवणाचा थेंब. मी म्हणायचो थोडं कमी आहे, की त्या डोळे झाकून विश्वास ठेवायच्या आणि चिमूटभर टाकायच्या. सगळ्या घराच्या इफ्तारीचं मीठ महिनाभर माझ्या जिभेवर ठरायचं. रोजा त्यांचा, रुची माझी. त्या दोन शब्दांचं नातं जुळतंय हे मला चाळीस वर्षांनी कळलं, तेव्हा चाची नव्हत्या सांगायला.

एका सरांनी मध्यंतरी लिहिलं होतं की रोजा हा रौजापासून आला, रौजा म्हणजे बाग, खुलदाबादला पूर्वी रौजाच म्हणायचे, म्हणून रोजा म्हणजे आत्म्याची बाग. सर विद्वान आहेत पण हे साफ चूक आहे. रौजा अरबी, रोजा फारसी, दोघांचा काडीचा संबंध नाही. आत्म्याची बाग ऐकायला छान वाटते म्हणून व्युत्पत्ती होत नाही. तसंच दर वर्षी फिरणारा तो मेसेज, इफ्तार आणि फितूर एकच, म्हणून जपून वापरा वगैरे. वाचून संताप येतो. अरबी लिपीत त ची दोन अक्षरं आहेत, इफ्तार आणि ईद-उल-फित्रमधला फित्र यांचा त आहे 'तोय', म्हणजे जाड त, मुळात अर्थ फोडणे, उकलणे, अरबीत सकाळच्या न्याहारीचा शब्दही त्याच तोयवाल्या मुळाचा. फितूरमधला त आहे 'ते', म्हणजे साधा त, मूळ अर्थ ढिलाई, बिघाड, आणि त्यावरून आपल्याकडे फूट नि दगलबाजी. उच्चार मराठीत सारखा झाला म्हणून शेजाऱ्याच्या सणाला दगाबाजीच्या पंगतीत बसवायचं? दोन अक्षरं आधी तपासावीत.

आणि हल्ली नवीन, रमदान. काही जण तर दुरुस्त करायला येतात की रमजान अशुद्ध, मूळ अरबी रमदान. घरात ज्यांना म्हणायचं त्यांनी खुशाल म्हणावं, पण मराठीत रमजान अशुद्ध कसा? अरबीत तिथे एक जाड द आहे, तो फारसीत ज झाला आणि फारसीतून आपल्याकडे आला. तेच अक्षर काजीत आहे, हजरमध्ये आहे, मर्जीत, अर्जात, गरजेत, जामिनात, जप्तीत आहे. वर कजा म्हटलं त्यातही. जिल्ह्यातसुद्धा, अरबीत त्याचा अर्थ बरगडी, बाजू. रमदान म्हणणाऱ्यांनी मग कोर्टात अर्द करावा आणि जामीनऐवजी दामीन मागावा. शब्द ज्या वाटेने घरी आला त्या वाटेचे ठसे त्याच्या अंगावर राहणारच, ते पुसायचे कशाला?

हां, ताई, नोटीस. 'मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानला गच्चीवर सगळे मिळून रोजा सोडू या, ज्यांनी धरला नाही त्यांनीही यावं.' एवढंच लिहा. वरच्या मजल्यावरच्या बाईंना नोटीस लावायच्या आधी शाळा सुटली आणि शाळा सोडली हा फरक सांगा, त्यांना लगेच पटेल. आणि खाणं सोसायटीतच शिजणार असेल तर मीठ बघायला एखादं पोरगं आधीच ठरवून ठेवा.