मुराकामी वाचून झाले, आठवणी आणि भूतकाळावर लिहिणारं दुसरं कोणी जपानी सुचवाल का?

योको ओगावा. (इशिगुरो बरेच जण सुचवतील, पण ते जन्माने नागासाकीचे असले तरी लिहितात इंग्रजीत, म्हणून मी त्यांना यात धरत नाही.)

सुरुवात 'द हाउसकीपर अँड द प्रोफेसर'ने करा, मूळ जपानी २००३ चं. गणिताचे एक प्रोफेसर, १९७५ मध्ये गाडीचा अपघात झाला आणि तेव्हापासून नवीन काहीही फक्त ८० मिनिटं लक्षात राहतं, आधीचं मात्र सगळं पक्कं. कोटाला चिठ्ठ्या टाचून वावरतात. कामाला येणारी बाई त्यांच्यासाठी रोज नवीनच, मग दारातच तिला बुटाचा नंबर विचारायचा, ती म्हणणार २४, आणि हे खूश, कारण २४ म्हणजे चारचं फॅक्टोरियल (१×२×३×४). अनोळखी माणसाशी बोलायला त्यांच्याकडे आकडेच आहेत हो फक्त.

त्यात बेसबॉल आहे. प्रोफेसरांच्या लेखी एनात्सु नावाचा पिचर (बेसबॉलमधला बॉलर म्हणा) अजून हान्शिन टायगर्सकडूनच खेळतोय, खरं तर १९७५ च्या सीझननंतर तो ती टीम सोडून गेला आणि आता तर रिटायर पण झालाय, आणि हे त्यांना कळू नये म्हणून ती बाई आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा जे काय करतात ना, ते वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. माझी आजी शेवटी शेवटी मला तिची धाकटी बहीण समजायची आणि मी दर वेळी "अगं आजी, मी तुझी नात" करत तिला दुरुस्त करत बसायचे. तो मुलगा दहा वर्षांचा असून त्याला कळलं, मला नाही कळलं. बहीण होऊन दोन गोष्टी ऐकल्या असत्या तिच्या तर काय बिघडलं असतं.

त्यानंतर 'द मेमरी पोलिस'. जपानीत १९९४ ला आलं, इंग्रजीत थेट २०१९ ला, आणि २०२० च्या इंटरनॅशनल बुकरच्या शॉर्टलिस्टमध्ये होतं. एका बेटावरून एकेक गोष्ट नाहीशी होत जाते, अत्तर, पक्षी, गुलाब, आणि लोकांना तिचं काहीच वाटेनासं होतं, टोप्या गेल्या की टोपीवाला छत्र्या बनवायला लागतो, झालं. कॅलेंडरं जातात तर वसंतच येत नाही, बर्फ पडतच राहतो. ज्यांना आठवतं त्यांना पोलिस उचलून नेतात, म्हणून नायिका तिच्या एडिटरला घरातच चोरखोलीत लपवते (नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँकच्या डायरीचा ओगावांवर फार परिणाम आहे, तो इथे सरळ दिसतो). तो बिचारा नाहीशा झालेल्या वस्तू तिच्या हातात ठेवतो, आठव म्हणतो, आणि तिला काहीच होत नाही. पोलिसांपेक्षा मला तिच्या या काहीच न वाटण्याचीच जास्त भीती वाटली.

दोन्हींचं इंग्रजी भाषांतर स्टीफन स्नायडरचं आहे, भाषा सोपी आहे. पहिलं दोन रात्रीत होईल, दुसऱ्याला मात्र वेळ द्या.