मोठ्या संख्येचे अवयव पाडताना

मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधताना कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून आधी तिचे अंक न्याहाळावेत. आपल्या इंदूरचा पिनकोड ४५२००१ घ्या: अंकांची बेरीज १२ असल्याने त्याला ३ ने भाग जातो आणि एकाआड एक अंकांच्या दोन्ही बेरजा ६ येत असल्याने ११ नेही जातो, शेवटी उरतो १३६९७. खरी कसोटी इथे लागते. ११७ चा वर्ग १३६८९ आणि ११८ चा १३९२४ असल्यामुळे ११३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. त्यापुढची मेहनत फुकट, तरी नवशिके ती हटकून करतात. एकीनेही भाग जात नाही, म्हणजे १३६९७ मूळच. तीन मूळ अवयव एकेकदाच आल्यामुळे ४५२००१ चे विभाजक २ × २ × २, म्हणजे आठ. त्यासाठी यादी करत बसू नये.