मुलीच्या वह्या माळ्यावरून खाली काढा

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते. नीटचा क्लास लावलाय, पण तिचं चित्त एका जागी नाही. मध्यंतरी पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची, मग जुना रेडिओ उघडून बसली, आता मोडी लिपी शिकते आणि आजोबांच्या खरेदीखताची अक्षरं लावत बसते. चाचणीत फिजिक्सला कमी मार्क पडले, तेव्हा या सगळ्या वह्या मी माळ्यावर टाकल्या. तेव्हापासून ती घरात फारशी बोलत नाही. एक ना धड भाराभर चिंध्या होऊ नयेत म्हणून तिला कोणत्या एकाच विषयाला बांधून ठेवावं? आधी डॉक्टर होऊ दे, मग काय हवं ते वाचू दे, असं माझं मत आहे. – एक पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार. फिजिक्सच्या मार्कांबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंत आणि मुलगी बोलेनाशी झाली त्याबद्दलही एकच. मला काळजी या दुसऱ्या वाक्याची वाटते. अकरावीच्या पहिल्या चाचणीत घसरलेले मार्क भरून निघतात. पण आपल्याला आवडतं ते घरात गुन्हा ठरतं, हे एकदा मनात बसलं की मूल दोन गोष्टी करतं : आवड लपवतं किंवा सोडून देतं. दोन्हींत नुकसान तुमचंच आहे. स्पष्ट सांगतो, वह्या माळ्यावर टाकणं चूक होतं. त्या खाली काढा आणि तिला तसं तोंडाने सांगा.

तिच्या मोडीकडे जरा जवळून बघा. मोडीत हात फारसा न उचलता ओळ लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. शब्द कुठे तुटतो, हे वाचणाऱ्यालाच संदर्भावरून ठरवावं लागतं. एक अक्षर अडलं की पुढच्या चार ओळींत तसंच वळण शोधायचं, अंदाज बांधायचा, तो चुकला की खोडून पुन्हा लावायचा. हे सोळाव्या वर्षी, कुणी मार्क देत नसताना करणाऱ्या मुलीला तुम्ही ‘चित्त एका जागी नाही’ म्हणता? खरेदीखतावर ती तासभर बसू शकते, तर फिजिक्सवर का बसत नाही, हे शोधायला हवं. माझी शंका वेगळीच आहे. नीटला लागत नाही म्हणून तिने गणित सोडलंय का? अनेक घरांत हाच सल्ला दिला जातो आणि मग अकरावीच्या फिजिक्समध्ये व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह आले की मुलं अडतात. तसं असेल तर तेवढं गणित तिला शिकवून घ्या.

आता ‘आधी डॉक्टर, मग वाचन’ याबद्दल. हा गैरसमज खूप जणांचा आहे. कुतूहल ही सवय आहे. सोळाव्या वर्षी मोडून टाकलेली सवय तिशीत हुकमी परत येत नाही. शिवाय ज्या व्यवसायासाठी तुम्ही तिला बांधायला निघालात, तो तर जन्मभर शिकण्याचाच आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेत डॉक्टरांना दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी व्याख्यानं, कार्यशाळा वगैरेंतून ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. पदवी मिळाली की शिकणं संपलं, असं मानणारा डॉक्टर तुम्हाला स्वतःच्या आजारपणात चालेल का?

एकाच विषयाला बांधून न घेता केवढं काम होऊ शकतं, त्याचं एक उदाहरण देतो. गोव्यात १९०७ साली जन्मलेले दामोदर कोसंबी मूळचे गणिती. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी चांदीची प्राचीन आहत (ठसे मारून घडवलेली) नाणी काळजीपूर्वक तोलली. हातोहात फिरणारं नाणं झिजतं, मग किती झिजलं यावरून ते किती काळ चलनात होतं, हे संख्याशास्त्राने काढता येईल, हा त्यांचा विचार. तिथून ते इतिहासात शिरले, संस्कृत कवी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेली) आवृत्ती १९४८ मध्ये काढली, १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला वेगळी दिशा देणारं पुस्तक लिहिलं. गणित सोडून ते नाण्यांकडे गेले नाहीत, गणित घेऊनच गेले.

तुमच्या म्हणीत तथ्य आहे, पण ते निम्मं. भाराभर विषयांनी कुणाचं बिघडत नाही, अर्धवट सोडण्याच्या सवयीने बिघडतं. म्हणून तिला विषय कमी करायला सांगू नका, हातातला एक विषय कुठल्यातरी मुक्कामाला न्यायला सांगा. ते खरेदीखत तिने पूर्ण देवनागरीत उतरवावं, अडलेल्या शब्दांवर खुणा कराव्यात. जुनी कागदपत्रं जतन करणाऱ्या राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग होतात, सुट्टीत तिथे नेऊन आणा. आठवड्याचे ठरावीक तास क्लासचे आणि ठरावीक तास तिचे. दोन्हींत तुम्ही ढवळाढवळ करायची नाही.

नीट, सीईटीचं तुम्हाला माहीतच आहे. त्याबरोबर आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची प्रवेश परीक्षाही पाहून ठेवा. तिथे सुरुवातीला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी सगळ्यांनाच शिकावं लागतं. अशा मुलीला ते मानवेल. पुढे पुरातत्त्वाकडे वळावंसं वाटलं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कुठल्याही पदवीनंतर एम.ए. करता येतं.

आणि एक काम तुमचं. खरेदीखत तुमच्याच वडिलांचं असावं. एका संध्याकाळी तिच्याशेजारी बसून ते वाचायला शिका. पाचदहा अक्षरं ओळखू आली तरी पुरे. चतु:सीमा, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दी, कुणाकुणाच्या लिहिल्यात, साक्षीदार कोण, हे तिला विचारा आणि त्या वेळी मार्कांचा विषय काढू नका.

पुढचं पत्र मात्र तिला लिहू द्या. डॉक्टर व्हायचं आहे की नाही, हे तुमच्या पत्रात तिच्या तोंडून एकदाही आलेलं नाही.