सर्चमध्ये सापडलं नाही, म्हणजे सरकारने दडवलं का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. वहिनीला तिसरा महिना लागलाय, तर घरातल्याच एका मोठ्या बाईंनी माझ्या हातात फोन दिला, म्हणाल्या मुलगा की मुलगी ते सांगणारी तपासणी कुठे होते बघ जरा. मी टाइप केलं तर एकाही सेंटरची जाहिरात नाही, नुसती कायद्याची माहिती. मनातून बरंच वाटलं, पण मग रात्री विचार आला की हे काढून टाकता येतं तर अजून काय काय काढत असतील, आणि आपल्याला कळणार कसं?

उत्तर : आधी त्या बाईंना स्पष्ट सांगा, गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे आणि तपासणी करायला लावणाऱ्या घरच्यांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता तुमचा प्रश्न, जो मला फार मोलाचा वाटतो. या जाहिराती कोणी गुपचूप नाही काढल्या. गर्भलिंग निवडीविरुद्ध काम करणारे डॉ. साबू मॅथ्यू जॉर्ज २००८ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले, गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट तिघांनाही तिथे बाजू मांडावी लागली, २०१६ मध्ये ठराविक शब्दांवर जाहिराती रोखायचं ठरलं आणि कोर्टाने नंतर हेही स्पष्ट केलं की बंदी जाहिरातींवर आहे, या विषयावरच्या सगळ्या माहितीवर नाही. म्हणजे काय काढलं, का काढलं, सगळं तुम्हाआम्हाला वाचता येतं.

मला खटकतं ते दुसरं. आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार वेबसाइट ब्लॉक करायला लावतं, त्याच्या २००९ च्या नियमांत १६ वा नियम आहे की तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय ठेवायचं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं पण ६९अ कायम ठेवलं, कारणं लेखी द्यावी लागतात म्हणून. अहो पण ती लेखी कारणं वाचकाला दिसतच नाहीत ना! ज्याचं पान गेलं त्यालाही पुष्कळदा कळत नाही.

चीनमध्ये तर ४ जून १९८९ ला बीजिंगच्या तियानआनमेन चौकातलं आंदोलन सैन्याने गोळ्या झाडून कसं मोडलं ते शोधता येत नाही, म्हणून लोक "३५ मे" असं लिहायला लागले, मे महिन्याचे ३१ दिवस आणि वर चार. गूगलने २००६ मध्ये तिथे गाळलेले निकाल दाखवायचं कबूल केलं होतं, पण पानाच्या तळाशी एक ओळ असायची की स्थानिक कायद्यामुळे काही निकाल दाखवलेले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी ते गाळणंच थांबवलं आणि सर्च हाँगकाँगवर वळवला. मला ती एक ओळ फार महत्त्वाची वाटते, दार बंद आहे एवढं तरी कळतं, नाहीतर तिथे दार होतं हेच माणूस विसरतो.

आपल्याकडेही कायदेशीर मागणीवरून निकाल काढला तर गूगल बरेचदा तळाशी तशी ओळ देतं, तेव्हा पान शेवटपर्यंत खाली सरकवून बघत जा. सर्चमधून निकाल गेला तरी मूळ पान बहुतेक वेळा जागेवरच असतं, पत्ता माहीत असेल तर थेट टाका, दुसऱ्या सर्च इंजिनवरही तेच शब्द टाकून बघा. साइटच ब्लॉक असेल तर मात्र दूरसंचार विभागाच्या आदेशाचा मेसेज येतो, किंवा पान नुसतं उघडतच नाही.

आणि वहिनीची सोनोग्राफी असेल त्या दिवशी तुम्ही स्वतः बरोबर जा, त्या बाईंना नका पाठवू.